तीन बोटांची बैठक

पुण्याच्या ज्या ऑफिसात मी सहा वर्षं काढली, तिथं माणसाची पारख त्याच्या क्रियापदावरून व्हायची. पहिल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, "त्या बीमचं डिझाइन अजून करून राह्यली मी," आणि टेबलाभोवतीची चार-पाच माणसं एकमेकांकडे बघून हसली. एकानं तर विचारलं, "राहायला कुठं गेलीस?" त्यावर पुन्हा हशा. मीही हसले. तेव्हापासून मी 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं, आणि महिन्याभरात इतकी शुद्ध बोलायला लागले की घरी फोन केला की बाबा विचारायचे, "बाजूले कोणी बसलं हाय काय?"

त्याहून वाईट गोष्ट आता सांगते. वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी 'कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत' म्हणायची. खोटं नव्हतं. बाबा मेहकरात सेंट्रिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खाली पाटे अंथरायचे, टेकू लावायचे, माल घट्ट होईपर्यंत तो भार तोलून धरायचा, आणि मग सगळं सोडवून पुढच्या घरी न्यायचं, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. तालुक्यातली अर्धी छपरं काही दिवस त्यांच्या टेकूंवर उभी होती. पण पुण्यात 'सेंट्रिंग मिस्त्री' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न वेगळा आला असता, आणि तो मला नको होता.

आमच्या ऑफिसचा सगळा लौकिक सेंट्रिंग नको असलेल्या इमारतींवर होता. खांब, बीम, स्लॅबच्या पाट्या, सगळं आधी यार्डात साच्यात ओतायचं, ट्रकवर घालून आणायचं आणि क्रेननं उचलून एकावर एक बसवायचं. याला प्रीकास्ट म्हणतात. ऑफिसच्या इमारतींना ते चांगलं जमतं, कारण ऑफिसात सगळे खांब सारख्या अंतरावर असतात, सगळ्या खोल्या सारख्या असतात, आणि माणसंही बहुधा सारखीच असतात. आमचे सर, म्हणजे त्या फर्मचे मालक, याच विषयावर भाषणं द्यायचे. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "साइटवर माणूस चुकतो. साचा चुकत नाही." हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले की शेवटी त्यांचाच त्यावर विश्वास बसला.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी परत आले. मेहकरातच एक खोली भाड्यानं घेऊन काम सुरू केलं. सरांनी उदारपणे सांगितलं, "तिकडचं काही आलं तर तुला देत जाईन." तिकडचं म्हणजे विदर्भातलं. पुण्याहून बघितलं की नगरच्या पुढचं सगळं 'तिकडचं'च असतं.

बाबांना मी माझं काम एकदाच नीट समजावून सांगितलं होतं. ते विहारातून येऊन ओट्यावर बसले होते.

"म्हंजे सेंट्रिंग लागतच नाई?"

"नाही लागत, बाबा."

"मंग माल वाळेपर्यंत त्याले धरते कोण?"

"तो वाळूनच येते साइटवर."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हुशार लोक हायत. धराचं कामच काढून टाकलं." घरामागं त्यांचे लोखंडी टेकू रचून ठेवलेले होते, शंभरावर. गुडघ्यांनी काम सोडल्यापासून ते तसेच पडून होते. भंगारवाला दर दोन महिन्यांनी विचारून जायचा आणि बाबा त्याला दर दोन महिन्यांनी शिव्या घालायचे.

'तिकडचं' काम लवकरच आलं, आणि तेही घराजवळ. डोणगावच्या बाजूला नव्या महामार्गासाठी एकानं कास्टिंग यार्ड टाकलं होतं. रस्त्याच्या गटारांचे आणि लहान पुलांचे तुकडे तिथं ओतले जायचे. रस्ता झाला, तुकडे संपले, आणि साचे रिकामे पडले. यार्डाचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनी ठरवलं की आता ऑफिसच्या इमारती ओतायच्या. कॉलेजं, पतसंस्था, तालुक्याची ऑफिसं, सगळ्यांना आपण इमारती पुरवू. आणि नमुना म्हणून पहिली इमारत स्वतःची. यार्डाच्या तोंडाशीच, तळमजला आणि वर एक मजला, समोर काच.

शेठ मुळात मुरुमाचे टिप्परवाले. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण महामार्गाच्या साहेबलोकांबरोबर चार वर्षं चहा पिऊन त्यांना असं वाटायला लागलं होतं की चहाबरोबर अक्कलही पोटात जाते. त्यांनी सरांना गाठलं, सरांनी एका आर्किटेक्ट मित्राला गाठलं, आणि खांब-बीमचं डिझाइन माझ्याकडे आलं. नकाशावर मोठ्या अक्षरात सरांचं नाव, आणि खाली एका चौकोनात 'तपासले' म्हणून माझी सही.

खांबाला बाजूनं एक आखूड दांडा पुढे काढलेला असतो, त्याच्यावर बीमचं टोक टेकतं. दोघांमध्ये रबराची चकती घालायची आणि वरून सळ्या जोडून पातळ माल भरायचा. सगळा खेळ त्या टेकण्याचा. बीमचं टोक दांड्यावर किती आत बसलंय, त्याला आम्ही बैठक म्हणतो. ती पुरेशी हवी, कारण काँक्रीटच्या कडेला सळई नसते. भार कडेवर आला की कड फुटते. मी दांडा ऐसपैस ठेवला होता. आर्किटेक्टला तो छताखाली दिसायला लागला. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "ते खांबाला टेंगूळ आल्यासारखं दिसतंय. आत घेता येईल का?"

सर म्हणाले, "येईल. हिशोबात शंभर मिलिमीटर बैठक पुरते."

"सर," मी म्हणाले, "कागदावर शंभर म्हणजे साइटवर सत्तर होतील. खांब थोडा तरी कलतो, बीम थोडा तरी आखूड येतो."

"का येईल आखूड? प्रीकास्टचा मुद्दाच तो आहे. तुझ्या डोक्यात अजून तिकडच्या साइट्स आहेत."

आर्किटेक्ट हसला. आणि मी काय केलं? मी 'हो सर' म्हटलं आणि दांडा कापला. पुढं जे झालं त्यात शेठवर, सरांवर मी पुष्कळ तोंडसुख घेतलंय, या लेखातही घेणार आहे. पण तो दांडा माझ्या हातानं कापला गेला, आणि त्या चौकोनात सही माझी होती. सहा वर्षांत भाषेबरोबर माझा कणाही त्यांनी चांगला शुद्ध करून घेतला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला खांब उभे राहिले. शेठ खुशीत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पाह्यलं? चार दिवसांत. याच्यात विटकरी नाई, गवंडी नाई, कटकट नाई." गेटवर मोठा फ्लेक्स लागला: 'सेंट्रिंगमुक्त बांधकाम, चिंतामुक्त मालक'. त्यावर सरांचा फोटो, शेठचा फोटो, आणि दोघांपेक्षा मोठा एका मंत्र्याचा, कारण उद्घाटनाला मंत्री येणार होते. तारीख ठरली होती. आमच्याकडे इमारत कधी पुरी होईल हे इमारतीवर नसतं, ते मंत्र्याच्या दौऱ्यावर असतं.

पहिल्या मजल्याचे बीम बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना साइटवर नेलं. स्कूटीवर मागं बसून ते आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात पेन. पोरीची इमारत बघायची म्हणून. क्रेनचा ऑपरेटर रोहिणखेडचा होता, शांत, पन्नाशीचा माणूस, आधी कुठंकुठं पुलांवर काम करून आलेला. त्यानं बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. ते खांबांखालून हात पाठीमागं बांधून हिंडत होते, वर बघत. एका ठिकाणी थांबले.

"हा बीम कायवर बसला हाय?"

"त्या दांड्यावर, बाबा. दिसते ना."

"दिसून राह्यलं म्हणूनच पुसतो. शिडी आण."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माहे हायत. शिडी आण म्हटलं ना."

ऑपरेटरनंच शिडी लावली आणि खालून धरली. बाबा हळूहळू चढले. वर पोचल्यावर त्यांनी बीमच्या टोकाला हात लावला, आणि दांड्याची कड आणि बीमचं टोक यांच्यात बोटं टेकवून बघितली. मग पुढच्या खांबाकडे शिडी हलवायला लावली. मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्यावरून उतरल्यावर रुमालानं हात पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"तीन बोटं बसला हाय. मी दाराच्या चौकटीवरच्या पाट्याले याच्याहून जास्त टेक देतो, माय. अन् तुमी त्याच्यावर सगळं ऑफिस बसवून राह्यले."

मी टेप घेऊन वर गेले. पहिल्या टोकाला एकसष्ट मिलिमीटर. दुसऱ्याला साठ. तिसऱ्याला चौसष्ट. सहा बीम, बारा टोकं, आणि सगळीकडे तीच कथा. यार्डात जाऊन साचा बघितला. साच्याच्या शेवटाला जी लोखंडी पाटी बोल्टनं बसवतात, ती एक भोक आत बसली होती. त्यामुळे त्या खेपेतले सहाही बीम आठ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक टोकाला चार, आखूड आले होते, एकसारखे, बिनचूक आखूड. सरांचं म्हणणं तसं खरंच होतं. साइटवर माणूस एकदा चुकतो. साचा एकदा चुकला की सहाही वेळा तेवढाच चुकतो.

यार्डाच्या सुपरवायझरनं खांदे उडवले. "मॅडम, गटारीच्या कामात कोणी मोजत नव्हतं." मी शेठकडे गेले. ते फोनवर हारांची ऑर्डर देत होते.

"तीन-चार सेंटिमीटरनं काय होते?" ते म्हणाले. "येवढ्या मोठ्या बीमले चार सेंटिमीटर! मॅडम, तुम्ही पुण्याहून शिकून आल्या अन् भेताच बाया-मान्सावानी."

"शेठ, बीम मोठा असला तरी टेकतो कडेवर. कड फुटली की तो मोठा बीम खाली येईल."

"खाली येईन म्हंजे? क्रेननं बसवला हाय तो!"

मी सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीनदा 'हं' म्हणाले, आणि मग म्हणाले, "सांध्यात माल भरून टाका. भरल्यावर बैठक दिसणारच नाही."

"दिसणार नाही, सर. पण भार तर त्याच्यावरच येऊन राह्यला ना!"

मग मला त्यांचं हसू ऐकू आलं. हो, त्या परिस्थितीतही त्यांना माझं क्रियापद ऐकू आलं होतं.

"तू इमोशनल होतेयस," ते म्हणाले. "घरची साइट असली की होतं तसं. काम चालू ठेव."

काम चालू ठेवणं म्हणजे त्या बीमवर स्लॅबच्या पाट्या चढवणं. एकेक पाटी म्हणजे दोन-तीन बैलगाड्यांचं वजन, आणि खाली माणसं. त्या दिवशी, किती वर्षांनी कोण जाणे, मला माझाच राग सगळ्यांपेक्षा जास्त आला. मी साइटचं रजिस्टर मागवलं आणि त्यात लिहिलं की बैठक अपुरी आहे, पहिल्या मजल्याचं पुढचं काम थांबवावं, दांड्याचा आकार कमी करून देण्यात माझीही चूक आहे. खाली सही केली, तारीख घातली. शेठनं वाचलं आणि म्हणाले, "ठीक हाय. आता तुमी घरी जा. दुसरा इंजिनेर आणतो."

मी बाहेर आले. क्रेनच्या आकड्याला पाटी अडकवून तयार होती. ऑपरेटरनं केबिनमधून विचारलं, "मॅडम, काय झालं?"

मी खरं ते सांगितलं. तीन बोटं, कड, सगळं. त्यानं ऐकलं, एकदा खांबाकडे बघितलं, एकदा खाली काम करणाऱ्यांकडे.

"तुमी लिहून दिलं काय थांबवाले?"

"हो."

"मंग मी कायले उचलू?" त्यानं पाटी परत जमिनीवर ठेवली, आकडा सोडवला, इंजिन बंद केलं आणि डब्बा काढून झाडाखाली जाऊन बसला. शेठ त्याच्यावर ओरडले. त्यानं भाकरीचा तुकडा मोडत एवढंच म्हटलं, "शेठ, तुमची क्रेन हाय. तुमी चालवा."

इंजिनियर मिळतो कुठंही. क्रेन चालवणारा तसा मिळत नाही. म्हणून काम एक दिवस थांबलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जेवायला गेलेली असताना, एका दांड्याची कड आपोआप सुटली. मोठा आवाज नाही झाला. नारळाएवढा काँक्रीटचा तुकडा खाली पडला, जिथं तासाभरापूर्वी दोन बाया पाणी मारत होत्या. बीम खाली आला नाही, कारण अजून त्याच्यावर त्याच्या स्वतःशिवाय भार नव्हता. शेठ तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभे होते म्हणे. म्हणे, कारण मी तिथं नव्हते. मला घरी पाठवलेलं होतं ना.

संध्याकाळच्या आत ते आमच्या दारात आले. बाबांनी त्यांना "जयभीम" केला, त्यांनी गडबडीत "नमस्कार, नमस्कार" केलं. चहा झाला. शेठ म्हणाले, "मॅडम, मार्ग काढा. उद्घाटन आठ दिवसांवर हाय. मंत्री तारीख बदलत नाई."

मार्ग सोपा होता. प्रत्येक खांबाला दांड्याखाली घोडी, म्हणजे दांड्याच्या पुढे येणारा जाड लोखंडी आधार, बोल्टनं आवळायची, म्हणजे बीमला खरी बैठक मिळेल. पण त्या घोड्या बनवून आणायला तीन आठवडे लागणार होते. तोवर बीम खालून धरून ठेवायला हवे होते.

"कायनं धराचे?" शेठनं विचारलं.

बाबाच म्हणाले, "टेकूनं. दुसरं काय हाय जगात?"

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना टेकू कुठूनही भाड्यानं मिळाले असते. पण मेहकरच्या किंवा डोणगावच्या कुठल्याही सेंट्रिंगवाल्याकडून आणले असते तर तासाभरात सगळ्या तालुक्याला कळलं असतं की सेंट्रिंगमुक्त इमारतीला सेंट्रिंग लागलं. ते खाली बघून म्हणाले, "दादा, तुमच्या घरामागं पडले हायत ना? तेच द्या. मी ट्रॅक्टर पाठवतो. वरतून ताडपत्री टाकून."

"ताडपत्री कायले? पाऊस हाय काय?" बाबा म्हणाले. पण दिले.

बाबा तीन दिवस त्या साइटवर होते. गुडघ्याला पट्टा बांधून. प्रत्येक टोकाखाली सहा टेकू, आडवे-तिडवे बांधून, पायाखाली जाड पाटा. यार्डाचे टाय लावलेले दोन साहेब त्यांच्या हाताखाली पाटे सरकवत होते. "ओळंब्यात घे बे, नुसता उभा करू नको," बाबा एकाला म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मी एक अट घातली होती, लेखी: घोड्या बसेपर्यंत वरच्या मजल्यावर कोणीही चढायचं नाही. शेठनं मान डोलवून सही केली. ऑपरेटर परत केबिनमध्ये चढला, आणि एकेक पाटी अशी ठेवली की टेकूंना कळलंही नसेल.

उद्घाटनाच्या दिवशी बहात्तर टेकू त्या तळमजल्यावर उभे होते आणि त्यांच्यापुढं भिंतभर फ्लेक्स लागला होता. तोच, 'सेंट्रिंगमुक्त बांधकाम'. बाजूच्या फटींत हिरवा मंडपाचा कपडा, त्यावर झेंडूच्या माळा. सर पुण्याहून आले होते, पांढऱ्या कुर्त्यात. त्यांना टेकूंचं माहीत होतं. त्यांनी फ्लेक्सच्या मागं एकदा डोकावून बघितलं आणि मला म्हणाले, "गुड. अजिबात दिसत नाहीत." मग मंचावर जाऊन अर्धा तास बोलले. ग्रामीण भागात अचूकतेची संस्कृती रुजतेय, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक उन्हात तासभर बसले होते. भाषण संपलं याच्या टाळ्या होत्या त्या.

नारळ फुटला, फीत कापली. मग मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला वाटलं की वरच्या मजल्यावरून साहेबांचा फोटो छान येईल. तो पंधरा-वीस माणसं घेऊन जिन्याकडे निघाला. शेठ बघत राहिले. सरही बघत राहिले. मी गर्दीच्या पलीकडे होते, मला पोचायला वेळ लागला. पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर खुर्ची टाकून बाबा बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"बाजूला व्हा काका, साहेब वर जाणारेत."

"वर जाता येत नाई."

"तुम्ही कोण?"

"सेंट्रिंगवाला."

सहायक हसला. "काका, इथं सेंट्रिंग नाही, म्हणून तर हा कार्यक्रम आहे."

"हो ना," बाबा म्हणाले. "म्हणूनच वर जाऊ नका."

तोवर मी पोचले आणि म्हणाले की वर फरशीचं काम ओलं आहे, साहेबांचे कपडे खराब होतील. कपड्यांचं ऐकल्यावर मंत्री स्वतःच मागं फिरले. माणसांच्या जिवाचं कारण सांगितलं असतं तर कदाचित चर्चा झाली असती.

घोड्या आल्या, बसवल्या, मी एकेक बोल्ट स्वतः तपासला. मगच टेकू सोडवले. इमारत आज उभी आहे, पक्की आहे, आणि आता तिला काही होणार नाही, हे मी छातीठोक सांगते. सहा महिन्यांनी सरांनी एका परिषदेत त्या इमारतीवर व्याख्यान दिलं. मी ते ऑनलाइन ऐकलं. पडद्यावर त्या लोखंडी घोड्यांचा मोठा फोटो होता आणि सर सांगत होते की रचना लपवण्यापेक्षा ती प्रामाणिकपणे दाखवावी, असा आमचा मुळापासून विचार होता. शेवटी प्रश्नांच्या वेळी मी हात वर केला. सूत्रसंचालकानं सांगितलं की वेळ संपलीय. त्यानंतर मी सरांचं काम घेणं बंद केलं. त्यांच्या बहुधा ते अजून लक्षात आलेलं नाही.

शेठना मात्र एक गोष्ट कळली होती: साचा मोजणारा माणूस पाहिजे. त्यांनी बाबांना निरोप पाठवला की रोज सकाळी यार्डात येऊन साचे तपासा, बसून काम आहे. बाबा खुशी दाखवत नव्हते, पण पहिल्या दिवशी पुन्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अकरा दिवस गेले. रोज दोन-तीन साच्यांच्या पाट्या चुकीच्या भोकात बसवलेल्या निघायच्या, आणि बाबा त्या सोडवून परत बसवायला लावायचे. सुपरवायझर वैतागला, पण माप बरोबर यायला लागलं.

बाराव्या दिवशी ते दहालाच घरी आले. ऑफिसात हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसलं होतं. चाळीस वर्षं सिमेंटात आणि तेलकट पाट्यांत काढलेल्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. मशीन त्यांना घेईना. त्यांनी दहाही बोटं लावून बघितली, हात धुऊन आले, पुन्हा लावली. शेवटी तिथला कारकून म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये तुम्ही आलाच नाहीत असं दाखवतंय."

मी तिथल्या तिथं शेठना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, येवढंच ना? वहीवर सही करू द्या त्याइले. पाठवा उद्या."

मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं. ते पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवला.

"त्याले सांग, मी नाई येत. त्याले माही गरज असन तं त्यानं यावं, घर माहीत हाय त्याले."

मी शेठना तसं जसंच्या तसं सांगितलं, त्याच बोलीत. ते "बरं बरं" म्हणाले. त्याला आता चार महिने झाले. शेठ आलेले नाहीत. मधे माझ्याकडे जळगाव जामोदच्या एका दुमजली ऑफिसचं काम आलं, प्रीकास्टचंच, आणि जिल्ह्यात दुसरं यार्ड नाही, म्हणून बीम त्याच साच्यांतून यायचे आहेत. पुढच्या सोमवारी ओतायचे आहेत. मी बाबांना म्हटलं की साचे बघायला मी जाणार आहे, माझ्याबरोबर, माझ्या कामासाठी येता का.

"तुह्या कामाले?" त्यांनी विचारलं. "मंग तुह्यासंग येतो. त्याच्या मशीनजवळ नाई जात."